मुलं उत्तर शोधून आणतात, पण ते बरोबर आहे हे त्यांना कसं कळावं?

नमस्कार मॅडम,

तुमची अडचण मला समजली ती अशी: सातवी-आठवीच्या मुलांना तुम्ही दर शनिवारी सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न देता आणि सोमवारी वह्या तपासता. मुलं घरच्या मोबाइलवर प्रश्न जसाच्या तसा टाकतात आणि वर जे येईल ते उतरवतात. गेल्या आठवड्यात ‘भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?’ या प्रश्नाला वर्गात तीन नावं आली. तिन्ही मुलं ‘गूगलवर आहे’ म्हणून ठाम राहिली आणि एका पालकांनी स्क्रीनशॉटही पाठवला. आता मोबाइल बंद करून मुलांना पुस्तकांतूनच उत्तरं काढायला लावावीत का, असं तुम्ही विचारलं आहे.

बंद करू नका. मी माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे, तालुक्याच्या प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न काढणं आणि मुलांची तयारी करून घेणं हे काम बरीच वर्षं करते आहे. पुस्तकातूनही मुलं पहिली ओळ उतरवून आणतात, त्यामुळे मोबाइल काढून घेतल्याने सवय बदलत नाही. उलट तीन मुलांनी तीन नावं आणली, हा तुमच्या वर्गात आलेला सगळ्यात चांगला प्रसंग आहे. त्यावर दोन तास खर्च झाले तरी हरकत नाही.

खरी अडचण शोधण्यात नाहीच. मुलांना शोधता येतं. शोध कुठे संपतो हे त्यांना माहीत नाही. पडद्यावर नाव दिसलं की काम झालं, असं ते धरून चालतात. म्हणून मी मुलांकडून उत्तराबरोबर आणखी दोन गोष्टी मागते: हे कोण सांगतंय, आणि त्याला ते कसं माहीत? पुढे जे सांगणार आहे ते सगळं या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. सगळ्या वर्गांना सगळं जमत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांनी ‘कुठे मिळालं’ एवढं प्रामाणिकपणे लिहिलं तरी पुरे. सातवीपासून दोन ठिकाणची माहिती शेजारी ठेवून ताडून बघणं जमतं. मूळ कागदापर्यंत जाणं नववी-दहावीला, तेही इंग्रजी थोडंफार वाचता येत असेल तर. घरात मोबाइल एकच असेल आणि तो रात्री आठनंतर अर्धा तास हातात येत असेल, तर त्या मुलाकडून पाच प्रश्नांची पडताळणी मागणं हा अन्याय आहे. त्यामुळे प्रश्न कमी करा. पाचाचा एक केलात तरी चालेल.

आता तुमचाच प्रश्न घेऊ. तिन्ही नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. तुमच्या वर्गात ती आनंदीबाई जोशी, कादंबिनी गांगुली आणि रखमाबाई राऊत अशी असणार, कारण या प्रश्नाला नेहमी हीच तीन येतात. कोणाचं चूक ते लगेच ठरवू नका. प्रत्येक नावापुढे मुलांकडून फक्त दोन गोष्टी शोधून घ्या: पदवी कधी आणि कुठून मिळाली, आणि नंतर डॉक्टरकी किती केली.

थोड्या वेळात फळा भरतो. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयाने त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कादंबिनी गांगुलींनी त्याच १८८६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून शिक्षण पुरं केलं, पुढे परदेशी जाऊन आणखी पात्रता मिळवली आणि आयुष्यभर रुग्ण तपासले. रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी कित्येक वर्षं काम केलं.

एवढं फळ्यावर आलं की मुलं आपणहून म्हणतात, ‘बाई, प्रश्नच नीट नाही.’ माझ्या मते हा त्या तासाचा सगळ्यात मोलाचा क्षण असतो. ‘पहिली डॉक्टर’ म्हणजे पदवी घेणारी पहिली, परदेशातून पदवी घेणारी पहिली, की रुग्ण तपासणारी पहिली? आनंदीबाई आणि कादंबिनी एकाच वर्षातल्या. रखमाबाईंना बऱ्याच ठिकाणी ‘प्रत्यक्ष डॉक्टरकी करणारी पहिली’ म्हटलेलं असतं. तिथे एखादी चुणचुणीत मुलगी उठून विचारते, ‘मग कादंबिनी त्यांच्या आधी काय करत होत्या?’ तिला ते वाक्य वहीत लिहून ठेवायला सांगा, कारण पडताळणी हीच आहे. आणि ‘गूगलवर आहे’ म्हणणाऱ्यांना सांगा की गूगलने या तिघींच्याही वाढदिवसाला आपल्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र लावलं आहे: रखमाबाईंचं २२ नोव्हेंबर २०१७ला, आनंदीबाईंचं ३१ मार्च २०१८ला आणि कादंबिनींचं १८ जुलै २०२१ला. ‘गूगलवर असणं’ हा पुरावा होऊ शकत नाही, हे यातून मुलांना एका मिनिटात पटतं.

याच प्रश्नात नववीच्या मुलांसाठी एक पायरी वर चढता येते. आनंदीबाईंच्या कॉलेजची जुनी कागदपत्रं आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती शोधताना आपण आज करतो ते ‘जोशी’चं स्पेलिंग टाकलं तर बहुतेक आताचे लेखच समोर येतात. आनंदीबाई स्वतः आडनाव इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘आय’ऐवजी ‘डबल ई’ लिहीत. तसं स्पेलिंग टाकून, पूर्ण नाव अवतरणचिन्हांत ठेवून शोधलं की त्या काळाच्या जवळची पानं वर येऊ लागतात. माणसाने स्वतः नाव कसं लिहिलं, त्या काळच्या लोकांनी गावाला काय म्हटलं, हे आधी विचारायची सवय लागली की मुलांचे शोध एकदम सुधारतात.

‘पहिला’, ‘सर्वात मोठा’, ‘सर्वात जुना’ असे शब्द असलेल्या बहुतेक प्रश्नांचं हेच आहे. भारतातली पहिली रेल्वे म्हटली की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे हे उत्तर तोंडपाठ असतं. पण ती पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळ रेड हिल्सला रस्त्यांसाठी दगड वाहणारी रेल्वे १८३७ सालीच होती, आणि रुडकीला कालव्याच्या कामासाठी १८५१ साली इंजिन चाललं होतं. पहिला भारतीय चित्रपट विचारला तर दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३. पण दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजीच दाखवला गेला होता. रंगभूमीवरच्या नाटकाचं ते चित्रण होतं म्हणून बरेच अभ्यासक त्याला चित्रपटांच्या यादीत पहिला मानत नाहीत, तर काही मानतात. मुलांना यातली बाजू घ्यायला लावू नका. ‘कोणत्या अटीवर पहिला’ एवढं लिहायला लावा.

आकड्यांच्या प्रश्नांची गंमत वेगळी आहे. तिथे उत्तर बदलतं, कारण एक तर काळ बदलतो किंवा मोजण्याची रीत बदलते. काळाचं सोपं आहे. महाराष्ट्रात जिल्हे किती? १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला तेव्हापासून ३६. त्याआधी छापलेल्या पुस्तकात ३५ असतील आणि ते पुस्तक तेव्हा बरोबरच होतं. महाराष्ट्रातली जागतिक वारसा स्थळं विचारली तर जुलै २०२५च्या आधीच्या पानांवर मराठ्यांचे किल्ले सापडणार नाहीत. त्या महिन्यात युनेस्कोने बारा किल्ल्यांना एकत्रित मान्यता दिली. त्यातले अकरा आपल्याकडचे, एक तामिळनाडूतला जिंजी. म्हणून आकडा किंवा यादी असलेल्या प्रत्येक उत्तरापुढे ‘कधीची माहिती’ हा रकाना हवाच. पान कधीचं आहे ते मुलं वर शोधतात, ते बऱ्याचदा तळाला असतं. काही ठिकाणी नसतंच, आणि तारीख नसलेल्या पानावरून आकडा घ्यायचा नाही, असा मी नियमच केला आहे.

मोजण्याच्या रीतीवर मात्र मी थांबते, कारण मुलांना तिथे खरा आनंद मिळतो. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा किती लांब? आपण सगळे ७२० किलोमीटर पाठ करून मोठे झालो. आता केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर दिसतो. सगळ्या देशाचा ७,५१६.६ होता, तो ११,०९८.८१ झाला. किनारा वाढला का? नाही. जुनी मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावरची, १ : ४५,००,०००. नवी १ : २,५०,००० प्रमाणावरची, म्हणजे कितीतरी बारीक. खाड्या, नद्यांची मुखं, किनाऱ्याची वळणं जितकी जास्त धरावीत तितकी लांबी वाढत जाते. वर्गात हे दाखवायला नकाशा आणि दोरा पुरतो. भिंतीवरच्या भारताच्या नकाशात कोकणपट्टीवर दोरा टाका, मग रत्नागिरी जिल्ह्याच्या मोठ्या नकाशावर प्रत्येक खाडीत दोरा आत घालून बाहेर काढा. मुलांच्या हातातला दोरा पुरेनासा होतो. ‘दोन्ही आकडे सरकारी असून वेगळे का’ हे मग समजावून सांगावं लागत नाही.

लोणारचंही तसंच. सरोवराचं वय विचारलं की बऱ्याच मराठी पानांवर सुमारे ५२ हजार वर्षं सापडतं. तो आकडा एका जुन्या पद्धतीने काढलेला आहे. नंतर खडकातल्या आरगॉन वायूच्या प्रमाणावरून वय काढलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दहापट फरक! अशा ठिकाणी मुलाने ‘५२ हजार’ लिहिलं तर मी ते चूक म्हणून खोडत नाही. ‘कोणी, कोणत्या पद्धतीने, कधी काढलं ते बघून ये,’ म्हणते. आठवीचं पोर आरगॉनची पद्धत समजून घेऊ शकणार नाही. पण नंतरच्या मोजणीने आधीची मागे पडू शकते, हे त्याला नक्की कळतं.

आता सर्च इंजिन स्वतः काय करतं, याबद्दल. मुलांना एक गोष्ट ठसवून सांगा: तुम्ही जे विचाराल ते खरं धरूनच यंत्र शोधायला निघतं. ‘हॉकीला राष्ट्रीय खेळाचा दर्जा कधी मिळाला?’ असं विचारलं तर ते हॉकी, राष्ट्रीय खेळ, दर्जा हे शब्द ज्या पानांवर आहेत तीच पानं समोर आणणार, आणि त्यांतल्या एखाद्या पानावर सालही सापडणार. ‘भारताला अधिकृत राष्ट्रीय खेळ आहे का?’ असं विचारलं की वेगळीच पानं वर येतात. त्यात कळतं की २०१२ साली माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या अर्जाला उत्तर देताना केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही असं कळवलं होतं. २०२०मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हाही उत्तर तेच आलं. गूगलने निकाल द्यावा म्हणून वाट न बघता शिक्षकाने थेट ज्याच्या अखत्यारीतली गोष्ट त्यालाच विचारलं, हे मी मुलांना आवर्जून सांगते. तर वर्गातला नियम असा: प्रत्येक प्रश्न दोनदा शोधायचा, एकदा जसा आहे तसा आणि एकदा ‘खरंच असं आहे का’ अशा उलट्या बाजूने.

वर चौकटीत येणारं तयार उत्तर आणि आता त्याच्याही वर येणारा एआयचा परिच्छेद, या दोन्हींवर बंदी घालण्यात अर्थ नाही. तो आधीच डोळ्यांसमोर येतो. मी मुलांना त्याचा एकच उपयोग करू देते: त्यात आलेली नावं आणि सालं पुढच्या शोधासाठी घ्यायची. वहीत मात्र तिथून काही उतरवायचं नाही. खाली दिलेला दुवा उघडायचा आणि ते वाक्य त्या पानावर खरंच आहे का ते डोळ्यांनी बघायचं. कधी असतं, कधी पान दुसऱ्याच माणसाबद्दल असतं, कधी आकडा तिथे असतो पण साल वेगळं. हे ताडून बघायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं मुलांकडून करवून घेणं हेच आपलं काम आहे.

‘तीन साइटवर सापडलं, मग बरोबरच असणार’ असं मुलं म्हणतील. इथे त्यांना एक युक्ती शिकवा. एखाद्या साइटवरचं आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायला सांगा. तेच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह, वीस ठिकाणी निघतं. मग त्या वीस साक्षी नाहीत, साक्ष एकच आहे आणि बाकीच्यांनी उतरवलं आहे. परदेशातलं एक उदाहरण मुलांना फार आवडतं. कोआटी नावाच्या प्राण्याच्या विकिपीडियावरच्या लेखात २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने त्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असंही म्हणतात, असं गंमत म्हणून घातलं. नाव मनाने रचलेलं होतं. काही वर्षांत ते वर्तमानपत्रांत छापलं गेलं, पुस्तकात आलं, आणि पुढे विकिपीडियावर त्या वाक्याला आधार म्हणून तशाच छापील मजकुराचा दाखला जोडला गेला. म्हणजे खोट्यानेच खोट्याला आधार दिला.

आपल्याकडे अशा घोळाची शंका घ्यावी अशी जागा म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांची जन्मतारीख. त्यांचं ‘दर्पण’ हे वर्तमानपत्र ६ जानेवारी १८३२ला निघालं, यात वाद नाही. जन्मतारीख मात्र काही ठिकाणी ६ जानेवारी १८१२ दिसते, काही ठिकाणी २० फेब्रुवारी १८१२. माणसाचा वाढदिवस आणि त्याच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक नेमका एकाच तारखेला येतो, तेव्हा एक तारीख दुसरीला चिकटली तर नाही ना, हे विचारायला हवं. मुलाने ‘दोन तारखा सापडतात, अमुक ठिकाणी ही, तमुक ठिकाणी ती’ असं लिहून आणलं तर मी पूर्ण गुण देते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, तो मी शिक्षकांच्या बैठकीत नेहमी सांगते. दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्य तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी अशा पंचेचाळीस जणांना काही वेबसाइट पारखायला दिल्या. इतिहासाचे जाणकार आणि हुशार विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले, बोधचिन्ह, पत्ता, भाषा बघत राहिले आणि कित्येकदा फसले. तपासनीस पान उघडून जवळजवळ लगेच तिथून बाहेर पडले, नव्या खिडक्यांत त्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं, आणि कमी वेळात जास्त बरोबर ठरले. आपण मुलांना ‘नीट वाच’ म्हणतो. अनोळखी साइटच्या बाबतीत मात्र आधी बाहेर पडून तिची चौकशी करायची आणि ती विश्वासाची ठरली तरच परत येऊन नीट वाचायचं. सोयरीक जुळवताना घरातली माणसं मुलाकडच्यांच्याच तोंडून सगळं ऐकत नाहीत, गावात चार ठिकाणी विचारतात, तसंच हे.

मराठीत शोधताना काही अडचणी आपल्याच आहेत आणि त्या इंग्रजीतल्या मार्गदर्शनात कुठेच सापडत नाहीत. लिपी एकच असल्याने हिंदी पानं मिसळतात. म्हणून शोधात असा एखादा शब्द हवा जो हिंदीत तसा नसतो: ‘पहिली’, ‘शाळा’, ‘कुठे आहे’. जुन्या मराठी साइट आणि पीडीएफ युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या यंत्रांना अक्षरं सारखीच ओळखता येण्याच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण यंत्राला ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, त्यामुळे ते शोधात येतच नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकांचंही बरेचदा तसंच होतं. तिथे पुस्तकाचं नाव शोधून, फाइल उघडून, अनुक्रमणिका बघावी लागते. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं समजू नये, हे मुलांना यावरून सांगता येतं. आकडे देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांत टाकून बघावेत. आणि बदललेली नावं लक्षात ठेवावीत. कळसूबाई शिखर, उंची १,६४६ मीटर, कोणत्या जिल्ह्यात? जुन्या पानांवर अहमदनगर, नव्या पानांवर अहिल्यानगर. दोन्ही नावांनी शोधलं तरच सगळं हाती लागतं.

मग शेवटी विश्वास कशावर ठेवायचा? याचं एक उत्तर नाही, प्रश्न कोणत्या जातीचा आहे त्यावर ते ठरतं. कायदा, जिल्हे, पदं, पुरस्कार यांसाठी सरकारचा निर्णय किंवा राजपत्र. शोधशब्दांपुढे इंग्रजीत ‘साइट’, त्याला जोडून कोलन आणि ‘जीओव्ही डॉट इन’ असं टाकलं की फक्त सरकारी पानं येतात. आठवीच्या मुलांना ते पाच मिनिटांत जमतं. संकल्पना, शास्त्र, चरित्र यांसाठी मराठी विश्वकोश. वाईहून निघालेले त्याचे वीस खंड आज घरबसल्या फुकट वाचता येतात, आणि त्यातलं मराठी वाचून मुलांची भाषाही सुधारते. पण पहिला खंड १९७६चा आहे, तेव्हा लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे तिथून घेऊ नयेत. गावं, नद्या, किल्ले, जुने रस्ते यांसाठी जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ. विकिपीडिया जरूर वापरावा, पण तळाच्या संदर्भांकडे जायचा जिना म्हणून. ज्या वाक्याला संदर्भ नाही ते वाक्य घ्यायचं नाही. आणि यूट्यूबवरचे ‘जीके’चे व्हिडिओ, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नसंचांची पानं, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या यादी यांना मी आधार म्हणून मुळीच धरत नाही. ते एकमेकांचं उतरवतात आणि कोणाचं कोणी उतरवलं हे शोधणं अशक्य असतं.

गुण कसे द्यायचे यावर सगळं अवलंबून आहे. आत्ता तुम्ही उत्तराला एक गुण देत असाल तर मुलं उत्तरच आणणार. मी चार ओळी मागते: उत्तर, कुठे मिळालं, ती माहिती कधीची, आणि दुसऱ्या कोणत्या ठिकाणी ताडून बघितलं. उत्तराला एक गुण, बाकी तीन ओळींना तीन. चुकलेलं उत्तर पण नीट लिहिलेला माग, याला चारपैकी तीन मिळतात. बरोबर उत्तर पण ‘गूगल’ एवढाच आधार, त्याला एक. सुरुवातीला हुशार मुलांची कुरकुर होते, पालकही विचारतात. त्यांना वही दाखवून सांगा, लवकर पटतं. ‘गूगल’, ‘क्रोम’, ‘मोबाइल’ ही आधाराची नावं नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. पानाचं नाव आणि ते कोणाचं आहे ते लिहायचं.

आणि प्रश्न काढताना आपणही त्याच शिस्तीत राहायला हवं. प्रश्नसंचातून उचललेला प्रश्न देण्याआधी मी तो दोन्ही बाजूंनी शोधून बघते. ‘पहिला’ असेल तर अट घालते, आकडा असेल तर साल घालते. ‘भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?’च्या जागी ‘१८८६ साली परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेली मराठी स्त्री कोण, आणि त्याच वर्षी भारतातच वैद्यकीय शिक्षण पुरं करणारी कोण?’ असा प्रश्न केलात तर भांडणही मिटतं आणि मुलांना दोघी भेटतात.

ज्या घरी मोबाइल मिळत नाही त्या मुलांसाठी तीन-तीनचे गट करा आणि गटात काम वाटून द्या: एक शोधणार, एक दुसऱ्या ठिकाणी ताडणार, आणि तिसरा पुस्तकपेटीतून किंवा घरातल्या जुन्या पाठ्यपुस्तकातून तीच गोष्ट काढणार. तिसऱ्याचं काम कमी समजू नका. ७२० किलोमीटरवाला आकडा त्याच्याच हाती लागतो. शाळेत एखादा संगणक चालू असेल तर तो आठवड्यातून एकदा पडद्याला जोडून तुम्ही स्वतः शोधा आणि शोधताना मोठ्याने बोला: हे पान का सोडलं, हे का उघडलं, इथे तारीख का बघतेय. मुलं ऐकून जेवढं शिकतात तेवढं सूचना वाचून शिकत नाहीत.

येत्या शनिवारी पाच प्रश्नांऐवजी हा एकच देऊन बघा: ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वे जिथून सुटली, त्या जागी आज जे स्थानक उभं आहे त्याचे वास्तुविशारद कोण, आणि त्या स्थानकाचं नाव आतापर्यंत किती वेळा बदललं?’ यात एका शोधात उत्तर मिळत नाही. आधी बोरीबंदर सापडावं लागतं, मग तिथे उभं राहिलेलं व्हिक्टोरिया टर्मिनस, मग फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे नाव. नावबदलाचं उत्तर शोधताना १९९६ आणि २०१७ ही दोन सालं येतील. दुसऱ्या वेळी फक्त ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला, म्हणून काही मुलं एक बदल मोजतील, काही दोन. दोघांनाही आपापलं कारण लिहायला लावा.

तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या किल्ल्याचा, नदीचा किंवा जुन्या बाजारपेठेचा असाच प्रश्न हवा असेल तर जिल्हा कळवा. गॅझेटियर बघून दोन-तीन काढून देते.